धाकटीचे ढेकर

२ मार्च

आज नळी बसली. दूध काढायच्या लोखंडी कठड्यात गाय शिरली की तिच्या तोंडापुढे खाद्याची पेटी येते. त्या पेटीच्या डाव्या बाजूला आता बोटाएवढी नळी आहे. गाय खाता खाता ढेकर देते, नळी तो ओढून घेते आणि भिंतीवरच्या डबीत मिथेनचा आकडा उमटतो. हा वायू ढेकरातून येतो हे लोकांना सांगून सांगून माझी जीभ झिजली. ज्याला त्याला वाटतं, तो मागून सुटतो. यंत्रवाला पुढच्या बाजूला नळी बसवायला लागला तेव्हा सासूबाईंनी त्याला काळजीनं सांगितलं, "अरे बाबा, उलटीकडे बसवतोयस तू."

बेत असा आहे. ज्या गायी भरपूर दूध देऊन कमी मिथेन सोडतात त्या शोधायच्या, त्यांचे गोऱ्हे पैदास केंद्रात वळू म्हणून वाढवायचे आणि त्यांचं बीज सगळ्या गोठ्यांत द्यायचं. उंची, रंग, दूध आईबापांकडून येतं, तसे ढेकरही येतात. माझ्या माहेरची माणसं जेवून उठल्यावरचा आवाज आठवला की मला यात काहीच नवल वाटत नाही. गायींचा हा वायू हवा तापवतो आणि तापलेल्या हवेत आमच्याच गायी दूध आटवून उभ्या राहतात. म्हणजे आपलेच दात नि आपलेच ओठ. कुणीतरी सुरुवात करायला हवी. मी करणार आहे.

केंद्राच्या नोंदीत मी पहिलीच ओळ लिहिली, "सासूबाई मध्ये मध्ये." केंद्राच्या मॅडम म्हणाल्या, "ताई, घरगुती गोष्टी यात नकोत. गाय, दूध आणि ढेकर, एवढंच." म्हणून उरलेलं सगळं या वहीत.

९ मार्च

धाकटी व्याली. केंद्राच्या बीजाचा गोऱ्हा झाला, कपाळावर पांढरा डाग. कालवड झाली असती तर ती इथंच राहिली असती. गोऱ्ह्याला दोनच वाटा. धाकटीचे आकडे चांगले आले तर केंद्राची गाडी येऊन त्याला वळू करायला नेईल. नाही आले तर नर वासरांची गाडी येईल. ती कुठं जाते हे आमच्या घरात कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही.

म्हणून मी त्याला नाव ठेवलेलं नाही. दोन्हीकडून तो जाणारच. नवरा म्हणाला, "मग पाहुणा म्हण." पाहुणा तर पाहुणा.

गायींची नावं ठेवायचं खातं सासूबाईंचं. सासरच्या माणसांना तोंडावर बोलायची सोय नव्हती, तेव्हा त्यांनी गायींना त्यांची नावं दिली आणि गायींना बोलून घेतलं. एक गाय गेली की नाव पुढच्या कालवडीला. आत्याबाई, थोरली, काकी, वन्सं. आत्याबाई मारकी आहे. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा गोठ्यातून "आत्याबाई, तुझ्या तोंडात शेण घालीन" असं ऐकू आलं की माझी गाळण उडायची, कारण खऱ्या आत्याबाई तेव्हा ओटीवर बसलेल्या असायच्या. धाकटी हे नाव कुणाचं, ते मला माहीत नाही.

२८ मार्च

पहिले आकडे आले. धाकटी सगळ्यांत खाली. नुसती खाली नाही, बाकीच्यांपासून लांब खाली. दूध मात्र थोरलीच्या बरोबरीनं. मी आकडे तीनदा पाहिले आणि मग नवऱ्याला गच्चीवरून हाक मारली. तो कडबा टाकून धावत आला, त्याला वाटलं कुणीतरी पडलं.

एकच त्रास आहे. धाकटी कठड्यात आली की सासूबाई हजर. सकाळी आणि संध्याकाळी, नेमानं. उजवीकडच्या गजांतून हात घालतात आणि तिच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवत बसतात. धाकटी मान वाकडी करून त्यांच्या हातात देते आणि अर्धमिटल्या डोळ्यांनी चघळते. मी म्हटलं, "आई, ही मोजणीची जागा आहे, लाडाची नाही." त्या म्हणाल्या, "तू ढेकर मोज. मी काय तुझ्या नळीला हात लावतेय?"

खरंच, नळीला त्यांचा हात लागत नाही. नळी दुसऱ्या बाजूला आहे. मी विषय सोडला. दोन भांडी आहेत, रोज काय आपटायची.

१९ एप्रिल

दूध संघाची बैठक. मी आत शिरले तर मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्ठा ढेकर दिला आणि सगळी खोली हसली. माझं नाव आता ढेकरबाई. अध्यक्षांनी तोंडाला रुमाल लावला होता, पण खांदे हलत होते.

मी उभी राहिले. म्हटलं, हसून झालं असेल तर ऐका. गाय जे खाते त्यातला काही भाग दुधात येतो आणि काही भाग ढेकरातून हवेत जातो. तुम्ही चारा घालता तो आकाशाला पोसायला घालता का? कमी ढेकर देणारी गाय सापडली तर हवाही सुधारेल आणि चाराही कामी येईल. आमच्या गोठ्यात तशी एक सापडली आहे. तिचा गोऱ्हा वळू झाला तर दहा वर्षांनी तुमच्या गोठ्यात त्याच्या नाती असतील आणि तेव्हा हा मागचा माणूस कशावर हसेल ते मला बघायचं आहे.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण तोंडातून गेलेला शब्द गेला. आता पाहुणा वळू व्हायलाच हवा.

घरी आले तर सासूबाई पाहुण्याला बाटलीनं दूध पाजत होत्या आणि त्याला सांगत होत्या की हळू पी, पाठीमागे कुणी लागलेलं नाही. पाजायची पाळी माझी होती. मी दारात उभी राहून पाहत राहिले. तो पिताना शेपटी हातपंपासारखी हलवतो.

६ मे

घात झाला. धाकटीचे आकडे चार दिवसांपासून वर चढताहेत. पार थोरलीपर्यंत.

घरात मी एकटी पडले आहे. सासूबाई डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी माझ्या खऱ्या वन्संकडे, म्हणजे त्यांच्या लेकीकडे, गेल्या आहेत, नवरा चाऱ्यात अडकलेला. धाकटी बिचारी मुकाट कठड्यात येते, सरळ पेटीत तोंड घालते, खाते, जाते. काही म्हणता काही बदललेलं नाही. मग नळीच बिघडली असणार. मी यंत्रवाल्याला फोन केला.

१० मे

यंत्रवाला आला, नळी धुतली, डबी उघडली, बंद केली. "सगळं ठीक आहे," म्हणाला. मी म्हटलं, ठीक असतं तर तुला बोलावलं असतं का? मग त्यानं नळी बदलून टाकली, बहुधा मी गप्प व्हावं म्हणून.

१८ मे

मॅडमनी नळी बिघडलेली म्हणून ते सगळे दिवस बाद केले. सासूबाई परत आल्या, काळा चष्मा लावून. आल्या आल्या पदर खोचून गोठ्यात. डॉक्टरांनी धूळ टाळायला सांगितली आहे. त्या म्हणाल्या, "डोळ्याला टाळायला सांगितलीय, हाताला नाही." गजातून हात घातला आणि धाकटीनं मान दिली.

आणि आकडे परत खाली. नव्या नळीचा गुण. यंत्रवाल्याला मी उगाच बोलले.

१ जून

मॅडमचा फोन. मोजणीत असलेल्या सगळ्या गोठ्यांत धाकटीचा आकडा सर्वांत कमी. पाहुण्याचं नाव यादीत पहिलं. महिनाअखेरीला शेवटची मोजणी होईल आणि गाडी येईल.

मला आनंदानं काय करावं कळेना. मी पाहुण्याच्या कप्प्यात गेले आणि त्याला सांगितलं, "वळू होणार रे तू." त्यानं माझी ओढणी चघळली. सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी काळा चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "तिथं त्यांना हात लावायला कुणी असतं का गं? की नुसतीच यंत्रं?" मी म्हटलं, असतील माणसं. मला माहीत नव्हतं, तरी म्हटलं.

१४ जून

हे आजच लिहिलं पाहिजे, उद्या मी स्वतःलाच काहीतरी समजावून बसेन.

संध्याकाळी कठड्याची उजवी बाजू ओली होती, नवरा नुकतीच धुऊन गेला होता. डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली बाई घसरायला नको म्हणून मी सासूबाईंना डाव्या बाजूनं उभं केलं. त्यांनी डावीकडून हात घातला. धाकटीनं मान डावीकडे वळवली, नाक थेट नळीपाशी, डोळे मिटले, आणि ढेकर दिला. डबीवरचा आकडा एवढा उडाला की मी दोन पावलं मागे सरले. मग पुढचा ढेकर. पुन्हा तेवढाच.

मी सासूबाईंना म्हटलं, हात काढा. त्यांनी काढला. धाकटी सरळ झाली. आकडा मधोमध. म्हटलं, आता ओल्यातून जपून या, उजवीकडून खाजवा. धाकटीनं मान उजवीकडे नेली, नळीपासून लांब, आणि आकडा खाली, आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसला.

म्हणजे धाकटी कधी कमी ढेकर देतच नव्हती. ती ढेकर सासूबाईंच्या हातावर देत होती. नळीपर्यंत पोचायचा तो उरलासुरला वास. मेमध्ये त्या नव्हत्या, तेव्हा नळीनं खरं सांगितलं, आणि मी खरं सांगणारीला बदलून टाकलं.

सासूबाईंनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही.

१५ जून

खरं लिहायचं तर दुपारपर्यंत मी गप्प बसायचं ठरवलं होतं. कुणाला कळणार आहे? शेवटच्या मोजणीला सासूबाई उजवीकडे उभ्या राहतील, पाहुणा केंद्रात जाईल, बैठकीतल्या मागच्या रांगेचं तोंड बंद होईल. नवऱ्याला सांगितलं तर तोही खाली बघून म्हणाला, "तू काही केलं नाहीस. आईनंही काही केलं नाही. गायीनं मान वळवली, एवढंच."

मग मी पाहुण्याच्या पुढच्या पिढ्या डोळ्यांपुढे आणल्या. त्याच्या लेकी, नाती, किती गोठ्यांत. सगळ्या भसाभस ढेकर देणार आणि लोक म्हणणार, कमी मिथेन ही सगळी थाप होती. म्हणजे एका पाहुण्यासाठी मी अख्ख्या कामाला चूड लावणार. ते काही मला जमायचं नाही.

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. विचारलं, "म्हणजे मी खाजवलं म्हणून तो पहिला आला?"

"हो."

"मग तो पहिला नाहीच," त्या म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या. एवढंच. मला वाटलं होतं रडतील, भांडतील. मनाला लागलंच नाही की काय कोण जाणे. देठं मात्र पातेल्यात टाकत होत्या आणि पानं टोपलीत.

संध्याकाळी मॅडमना फोन केला. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "ताई, हे तुम्ही नोंदीत का नाही लिहिलंत?" मी म्हटलं, तुम्हीच म्हणालात, घरगुती गोष्टी नकोत. त्या म्हणाल्या की सगळ्या गोठ्यांना विचारावं लागेल, कठड्याजवळ कोण उभं असतं म्हणून. कितीतरी आकडे जातील. आवाज चिडलेला होता, पण राग माझ्यावर नव्हता. आमची मोजणी आता पुन्हा पहिल्यापासून, गायीला कुणी हात न लावता. मेमधले बाद केलेले आकडे परत धरता येत नाहीत.

सासूबाई म्हणाल्या, "मी लेकीकडे जाते मग." मीच नको म्हटलं. पाहुणा जाणार असेल तर त्याचे इथले दिवस त्यांनी इथंच काढावेत. हे त्यांना सांगितलं नाही. सांगितलं की घरात कामं पडली आहेत.

२० जून

सासूबाईंना गोठ्याच्या दाराबाहेर थांबवलं आहे. त्या अंगणात खाट टाकून बसतात. खोकतात, पाहुण्याशी बोलतात, आणि आत धाकटीला तो आवाज येतो. ती कठड्यात उभी राहून उजवीकडे बघते आणि हंबरते.

आकडा खाली आला. आज तर फारच खाली. क्षणभर मला वाटलं, देव पावला, ही खरोखरच कमी ढेकर देणारी आहे. मग पेटीत पाहिलं. अर्ध्याच्या वर खाद्य तसंच. खाल्लंच नाही तर ढेकर कुठून येणार? दूधही उतरलंय. उपाशी गायीचा आकडा मी पाठवला तरी मॅडम फेकून देतील, आणि फेकून नाही दिला तर ती आणखी वाईट गोष्ट.

मी कातावले. म्हटलं, ही गाय आहे की रुसलेली नवरी? नवरा हसला नाही. म्हणाला, "तुला माहितीय ना धाकटी कोण ते? आईलाच म्हणायचे सगळे. धाकटीला सांग, धाकटीला बोलव, धाकटी करेल. नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही."

म्हणजे बाकीच्या गायींना सासरच्यांची नावं देऊन बोलून घेतलं, आणि या एकीला स्वतःचं नाव देऊन रोज खाजवलं. मला आधी हसू आलं. मग नाही आलं.

२३ जून

उपाय सापडला. रात्रभर डोकं खाजवलं तेव्हा कळलं की खाजवायची बाजूच चुकतेय. सासूबाई डावीकडे नकोत, उजवीकडे नकोत, बाहेरही नकोत. समोर हव्यात. पेटीच्या मागे, अगदी मधोमध. म्हणजे धाकटी तोंड सरळ पेटीत घालेल, खाईल आणि ढेकर जिथं द्यायचा तिथं देईल.

मॅडमना विचारलं. म्हणाल्या, मान सरळ राहत असेल आणि गाय पोटभर खात असेल तर चालेल, पण हात लावायचा नाही, आणि एकदा उभ्या राहिल्या की हलायचं नाही. अर्धं पाऊल इकडेतिकडे झालं तरी गाय वळेल.

पेटीमागे दोन विटा रचून त्यावर फळी टाकली. सासूबाई चढल्या. धाकटीनं त्यांना पाहिलं, फुस्सकन श्वास सोडला आणि अशी तुटून पडली की पेटी चाटूनपुसून लख्ख.

३० जून

रोज दोन्ही वेळा सासूबाई फळीवर. हात पाठीमागे बांधून उभ्या राहतात. बोलतात मात्र अखंड. धाकटीला सगळ्या बातम्या मिळतात, वन्संच्या घराची डागडुजी, माझं जळलेलं वरण, सगळं.

आकडे मधोमध आहेत. वर नाहीत, खाली नाहीत. अगदी चारचौघींसारखे. त्यांनाही कळतं. डबी त्यांच्या समोरच्या भिंतीवर आहे आणि डोळा आता लख्ख झालाय.

आज नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "आईच्या पायाकडे बघतेस का?" मला वाटलं सूज आली. "नाही," तो म्हणाला. "नळीपासून अर्धं पाऊल लांब सरकली असती तर पाहुणा राहिला असता यादीत. कुणी म्हटलं नसतं काही. म्हातारं माणूस आहे, पाय हलतोच." मी पाहिलं. पाय फळीला खिळवल्यासारखे होते. हात मात्र पाठीमागे एकमेकांना खाजवत होते.

मलाच त्यांना सांगावंसं वाटलं, आई, सरका थोड्या. ओठांवर आलं होतं. तोंड मिटून घेतलं आणि डबीकडे पाहत राहिले.

८ जुलै

निकाल. पाहुणा यादीत नाही.

आमच्या गोठ्यात खऱ्या मोजणीत सर्वांत कमी निघाली आत्याबाई. तिला आजवर हात लावायची कुणाची छाती झाली नाही, त्यामुळे तिचे आकडे पहिल्यापासून स्वच्छ होते, फक्त धाकटीच्या पुढे दिसत नव्हते. सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "जन्मभर घराचा श्वास कोंडला, आणि आता जगाची हवा सुधारायला निघाली." आणि हसल्या. मी सगळं सांगितलं त्या दिवसापासून पहिल्यांदा.

आत्याबाईला पुढच्या माजावर केंद्राचं बीज द्यायचं ठरलं. मॅडम म्हणाल्या, आणखी दोन गोठ्यांत अशीच भानगड निघाली, एका ठिकाणी मुलगी गाणी म्हणायला उभी राहायची. तुम्ही फोन केला नसता तर आम्ही चुकीचे वळू वाटत बसलो असतो. हे ऐकून मला बरं वाटायला हवं. वाटतंही. पण मी पाहुण्याच्या कप्प्याकडे गेले नाही.

११ जुलै

गाडी आली. नर वासरांची. मी पेंडीच्या खोलीत पोती मोजायला गेले. पोती कालच मोजली होती.

नवरा मला शोधत आला आणि म्हणाला, "ये. आई एकटीच घेऊन चाललीय त्याला." मी गेले. सासूबाई पुढे चालत होत्या आणि पाहुणा त्यांची बोटं चोखत मागे मागे, दोरीसुद्धा नव्हती. गाडीच्या फळीपाशी तो थांबला. त्यांनी उजव्या हातानं त्याच्या गळ्याखाली खाजवलं, पोटभर, कुठली नळी नाही, काही नाही. तो मान देऊन उभा राहिला. मग त्याच हातानं त्याला वर ढकललं.

मी रडले. लिहून ठेवते, कारण उद्या मी म्हणेन की धुरळा गेला होता. नाव न ठेवून काही उपयोग झाला नाही.

१२ जुलै

सकाळी सासूबाई गोठ्यात आल्या नाहीत. धाकटी कठड्यात शिरली आणि समोरच्या रिकाम्या फळीकडे बघत राहिली. खाल्लं नाही. मला वाटलं, आता त्या यायच्या नाहीत. आणि का याव्यात? धाकटीची मोजणी संपली, नळी मी बंद ठेवली होती. त्यांच्या लेकराला खऱ्या आकड्यानं घालवलं आणि तो आकडा काढायला मी त्यांनाच उभं केलं होतं. मी त्यांना बोलवायला जाणार नव्हते. मला तोंड नव्हतं.

दूध निम्मं निघालं असेल तोच त्या आल्या. अंघोळ करून, केस विंचरून. फळीवर चढायला लागल्या.

मी म्हटलं, "आई, धाकटीचं झालं आता. तुम्ही इकडे उजवीकडे या. हवं तेवढं खाजवा, आता काही हरकत नाही."

त्या फळीवर मधोमध उभ्या राहिल्या आणि हात पाठीमागे घेतले.

"झालं कसं?" त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळेला हिच्या पोटी कालवड आली तर तिचं कळायला नको? हिला सरळ खायची सवय राहू दे. तू तुझी नळी सुरू कर."

मी नळी सुरू केली. धाकटीनं पेटीत तोंड घातलं.